नदीतली दवंडी

शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात आणि शब्दही साधेच येतात. तेवढं पोटात घालून ही गोष्ट वाचावी आणि घरातल्या लहानांना वाचून दाखवावी.

नदीकाठच्या एका राज्यात जुन्या काळी बातमी सांगायचा हक्क एकाच माणसाला होता. तो राजाचा दवंडीवाला. दिवस मावळला की तो चावडीपुढच्या ओट्यावर चढायचा, डफावर थाप मारायचा आणि पाऊसपाणी, जत्रा, गुरांची साथ, महाराजांचं कुशल असं सगळं एका सुरात सांगायचा. राज्याच्या जमिनीवर दुसऱ्या कुणी दवंडी द्यायची नाही, असा हुकूम होता. ऐकता ऐकता म्हातारी माणसं पेंगायची, पण शंका कुणी घेत नसे. दुसरं काही कानावर पडतच नव्हतं, तर शंका येणार कुठून?

त्या गावात रखमाजी नावाचा कुंभार होता. भिडस्त माणूस. उद्या ऊन आहे असं दवंडीत आलं की हा डोळे मिटून मडकी अंगणात वाळत ठेवायचा.

मग गावात एक व्यापारी आला. त्याचा तेला-अत्तराचा धंदा होता आणि नदीत त्याच्या नावा चालायच्या. त्यानं एक मोठी नाव सजवली, तिच्यात स्वतःचा दवंडीवाला बसवला, जोडीला ढोलकी आणि गाणाऱ्या दोघी दिल्या, आणि नाव नदीच्या मधोमध उभी केली. शिपाई धावत आले. व्यापाऱ्यानं काठावर येऊन नम्रपणे हात जोडले.

"हुकूम जमिनीचा आहे," तो म्हणाला. "माझी नाव पाण्यात आहे आणि आवाज हवेत. हवेचं वतन कुणाच्या नावावर आहे तेवढं दाखवा, मी आत्ता निघतो."

शिपाई विचारायला वाड्यावर गेले. तसं वतन तिथल्या कागदांतही निघालं नाही, आणि नाव उभीच राहिली.

संध्याकाळी अर्धं गाव घाटावर जमू लागलं. नावेतला गाणी ऐकवायचा, नकला करायचा, राजाच्या कारभाऱ्याचे घोडे कुणाच्या शेतात चरतात ते सांगायचा, आणि मध्येच व्यापाऱ्याच्या तेलानं केस कसे गुडघ्यापर्यंत वाढतात तेही. मग ओट्यावरचा चिडला. त्या तेलात काय काय मिसळतात, ते तो सांगू लागला. रखमाजीला दोन्ही खरंही वाटायचं आणि दोन्ही खोटंही. त्याला रोज रात्री घरी जाताना डोकं जड झाल्यासारखं व्हायचं.

अशात त्याच्या लेकीचं, यमुनीचं लग्न ठरलं. नवऱ्यामुलाचं गाव पलीकडच्या काठावर. जायला दोन वाटा होत्या, राजाचा दगडी पूल नाहीतर व्यापाऱ्याच्या नावा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी रखमाजी घाटावर गेला, तर नावेतला सांगत होता की पुलाच्या मधल्या खांबाला भेग पडली आहे, वऱ्हाडानं नावेतून जावं, विडा फुकट मिळेल. रखमाजी धावत ओट्याकडे आला. तिथे ऐकलं की व्यापाऱ्याच्या नावांच्या फळ्या कुजल्या आहेत, सर्वांनी महाराजांच्या पुलावरून जावं.

शेजारी म्हणाला, "रखमाजी, एखादा मोठा रांजण काढ. पोरीला त्यात बसवून ढकल."

सगळे हसले. रखमाजीला हसू आलं नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, मग खोटं कोण बोलतंय?"

"तेच तर कळेना," तो म्हणाला आणि पुन्हा बाहेर पडला.

डफ खुंटीला अडकवून राजाचा दवंडीवाला घरी निघाला होता. रखमाजीनं त्याला नावांबद्दल काही विचारलं नाही, पुलाबद्दल विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "पुलाचं सांगायला मला सांगितलेलं नाही." मग रखमाजीनं नावेतून घाटावर उतरलेल्या दवंडीवाल्याला फळ्यांबद्दल विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "दादा, उद्या नवीन गाणं आहे, नक्की या."

रखमाजी घाटाच्या पायरीवर बसून राहिला. दुसऱ्याच्या घरातलं दोघंही मोठ्यानं सांगत होते. स्वतःच्या घरातलं विचारलं की दोघंही गप्प. म्हणजे खोटं कुणीच बोलत नव्हतं की काय?

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, की पूल नको, नावही नको. नदीच्या वरच्या अंगाला जिथे पाणी गुडघाभर आहे, तिथून बैलगाड्या घालायच्या. वाट लांबची होती. मुहूर्त चुकणार, व्याही रुसणार, कदाचित लग्नही मोडणार, हे दोघांनाही माहीत होतं. तरी अंधारातच गाड्या जुंपल्या.

मुहूर्त चुकलाच. व्याही पाठ फिरवून बसला. एवढ्यात नदीकडून आरडाओरडा ऐकू आला. पुलाचा मधला खांब खचला होता. पुलावरची माणसं कशीबशी मागे पळाली आणि नावांमध्ये चढली, तर काठाजवळच नावांत पाणी शिरलं. सगळी गळाभर पाण्यातून चालत बाहेर आली. व्याही उठला आणि काही न बोलता त्यानं रखमाजीला पाणी दिलं. गोरज मुहूर्तावर लग्न लागलं.

दोन्ही वाटा टाळणारा एकच निघाला हे ऐकून राजानं रखमाजीला बोलावलं. राजाला नाव हाकलायची होती, व्यापाऱ्याला ओटा पाडायचा होता.

"दोघांपैकी कुणाचं तोंड बंद करू?" राजानं विचारलं.

"महाराज, मला अजून नीट उमगलेलं नाही," रखमाजी चाचरत म्हणाला. "नावेतला नसता तर मी पुलावरून गेलो असतो. ओट्यावरचा नसता तर नावेतून. दोघंही असू द्यात. फक्त ओट्यावरच्याला तुमचं उणं सांगायची मुभा द्या. तो आमचा माणूस आहे, त्याची भाकर आमच्या धान्यातून जाते."

राजानं होकाराची मान डोलावली. त्या संध्याकाळी दवंडीवाल्यानं पहिल्यांदा पुलाला आधीपासून भेग होती ते सांगितलं. ओट्यासमोर कुणी पेंगत नव्हतं.

उद्या ऊन आहे, असंही त्यानं सांगितलं. नावेतला मात्र म्हणाला की पाऊस येणार. व्यापाऱ्यानं नुकतीच पावसात डोक्यावर घ्यायची इरली विकायला आणली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजी अंगणात आला. त्यानं स्वतः मान वर करून आभाळाकडे पाहिलं. थोडा वेळ डोकं खाजवलं. मग अर्धी मडकी उन्हात ठेवली आणि अर्धी छपराखाली.

तात्पर्य एवढंच, की सांगणारा काय सांगतो ते ऐकावं, तो काय सांगत नाही तेही विचारावं, आणि मग एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं.