पोशा नाखव्याचा बांबू

फार वर्षांमागे, मांडवखारच्या बंदराला अजून धक्का नव्हता तेव्हा, तिथे पोशा नावाचा नाखवा होता. त्याची होडी वाऱ्याच्या आधी पोचायची, असं म्हणतात. थोडी बढाई असेल, पण गावाला ती आवडते.

एके वर्षी त्याचा एकुलता एक लेक पाण्याखालच्या खडकावर होडी फुटून बुडाला. तो खडक नेमका कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोशाने ध्यासच घेतला. शिशाच्या गोळ्याला खालून मेण लावायचा आणि दोरीने तळापर्यंत सोडायचा. मेणाला वाळू चिकटली की पुढे, चिखल चिकटला की आणखी पुढे. मासळी गेली चुलीत. झोपेतसुद्धा त्याचे हात दोरी सोडत. एकदा तर या पठ्ठ्याने घरातल्या रांजणात गोळा सोडून पाहिला!

त्याची बायको चांगुणा रोज किनाऱ्यावरून विचारी, "नाखवा, घरा कवा येनार?"

"दगर गावला का येन." दगड सापडला की येईन, हेच त्याचं रोजचं उत्तर.

खलाशी कंटाळून एकेक करत सोडून गेले. लेक गेलाच होता, आता नवराही जाणार, या धास्तीने चांगुणा एक दिवस उठली. त्या काळी बाईने होडीवर पाय ठेवला तर गाव तोंड फिरवायचं. फिरवू दे! ती लुगडं खोचून पाण्यात शिरली, होडीवर चढली आणि तिने सुकाणू धरलं.

"तुमी दोरी सोरा," ती म्हणाली.

त्या दुपारी गोळा वर आला तेव्हा मेण चेपलेलं होतं आणि वाळूचा कणही नव्हता, म्हणजे खाली खडकच होता. लेकाच्या निळ्या होडीची एक ढलपी मात्र त्यात रुतली होती. दोघंही ढसाढसा रडली.

"गावला नं? चला आतं घरा."

पण खूण न करता फिरलं, तर उद्या दुसऱ्या कुणाचा लेक जाणार. पोशाने कमरेला दोर बांधला, लांब बांबू घेतला आणि उडी टाकली. बांबू खडकाच्या फटीत ताठ उभा राहिला. दोर रिकामा वर आला.

त्या बांबूला खाऱ्या पाण्यात पालवी फुटली, असं म्हणतात. तिथे पुन्हा होडी फुटली नाही.

अजूनही नारळी पुनवेनंतर गाव तिथे नवा बांबू रोवतं. त्या दिवशी सुकाणू बाईच्याच हाती असतं. ती हाक मारते, "नाखवा, घरा कवा येनार?" मग होडी फिरते, पण मागे एक दोर पाण्यात सोडलेला असतो. किनारा लागेपर्यंत तो कुणी ओढून घेत नाही. वाटेत तो जड लागतो, असं म्हणतात.