दारात उभी राहिलेली म्हातारी

एका गावात एक कासारीण राहत होती. सगुणाक्का तिचं नाव. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती आसपासच्या वाड्या-वस्त्या फिरायची आणि बायकांच्या हातात बांगड्या भरायची. घट्ट बांगडी चढवताना हात असा दुखतो की डोळ्यांत पाणीच येतं! म्हणून सगुणाक्का हातात हात घेतला की गोष्ट सुरू करायची. गोष्टीच्या नादात बांगडी मनगटावर कधी गेली, ते पोरीबाळींना कळायचंही नाही.

आता त्या गावची एक रीत होती. ऐकणाऱ्यानं मधून मधून ‘हुं’ म्हणायचं. हुंकारा थांबला की सांगणाऱ्यानंही थांबायचं. कारण हुंकाऱ्याशिवाय गोष्टीतल्या माणसांना पुढं पाऊल टाकता येत नाही, असं तिथले लोक मानत. सगुणाक्काला मात्र एवढा धीर कुठला? तिच्या प्रत्येक गोष्टीचा शेवट गोड असायचा आणि तो कधी एकदा सांगते असं तिला व्हायचं. कुणी हुंकारा देवो न देवो, तिची गोष्ट आपली पळतच असायची. “रडका माणूस माझ्याकडून हसल्याशिवाय गेलेला नाही,” असं ती ठसक्यात सांगायची.

त्याच गावात येसू नावाची माळीण होती. नवरा आधीच वारलेला. एकुलती एक लेक चिमी, तीही तापानं गेली. तेव्हापासून येसू घरात भिंतीला टेकून बसली ती बसलीच. रडली नाही, बोलली नाही, अन्नाला शिवली नाही. शेजारणी भाकरी ठेवून जायच्या आणि तशीच उचलून न्यायच्या. “अशीच राहिली तर हीपण हातची जाईल गं,” असं म्हणत बायकांनी सगुणाक्काला बोलावून आणलं.

सगुणाक्का आली आणि तिनं आपली सगळ्यात गोड गोष्ट काढली. एका राणीची मुलगी मेली. आकाशातून शंकर-पार्वती चालले होते. पार्वतीला राणीची दया आली. शंकरानं पाणी शिंपडलं आणि मुलगी झोपेतून उठावी तशी उठून बसली. येसूनं एकदाही हुं म्हटलं नाही, पण सगुणाक्का थांबते कसली! गोष्ट संपवून ती कौतुकानं येसूकडं बघत राहिली.

येसूनं मान वर केली. “आक्का, तुझे शंकर-पार्वती माझ्या घरावरून का नाही गं गेले?”

सगुणाक्काचं तोंड एवढंसं झालं. ती पेटी उचलून निघाली. वाटभर ती स्वतःलाच शिव्या घालत होती. लेक गेलेल्या आईला आपण हे काय सांगून आलो!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पुन्हा गेली. काय सांगायचं ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. दुसरं काहीच सुचेना, म्हणून जे तोंडात आलं ते तिनं सांगायला घेतलं. “एक म्हातारी होती. तिला कुणीच नव्हतं. गाठोडं घेऊन ती उन्हातून चालत आली. पायांत वहाण नाही. एका घराचं दार वाजवलं...”

सगुणाक्का थांबली. दार उघडलं, आत सोन्याचं ताट होतं, हे नेहमीचं पुढचं बोलायला तिची जीभ रेटेना. हुंकाराही येत नव्हता. तिनं पेटी जवळ ओढली. शेवटी सगुणाक्का उठली.

ती अंगण ओलांडून गेली असेल-नसेल, तोच मागून हाक आली. “आक्का! त्या म्हातारीचं काय झालं?”

“काय व्हायचंय? दारातच उभी आहे.”

“अजून? एवढ्या उन्हात?”

“तू हुं म्हटलं नाहीस. मग दार कोण उघडणार?”

“अगं बाई! म्हातारं माणूस ते, भोवळ येऊन पडेल की!” येसू भिंतीचा आधार घेत उभी राहिली. “हुं! म्हटलं बघ. घे आधी तिला आत.”

सगुणाक्का परत आली. “घेतली. आत आली, बसली.”

“पाणी दिलंस?”

“दिलं.”

“नुसतं पाणी? भूक लागली असेल तिला. काय आहे त्या घरात?”

“काही नाही बाई. चूलसुद्धा थंड आहे.”

“थंड आहे तर पेटवायची! बसून काय राहायचं?” येसू चिडूनच बोलली. मग तिनं सगुणाक्काकडं नीट पाहिलं. कासारणीचे ओठ उन्हानं सुकले होते. “आणि तू गं? तू काही खाल्लंस का सकाळपासून?”

“नाही,” सगुणाक्का म्हणाली. आणि ते खरं होतं.

“कमाल आहे तुझी!” असं म्हणत येसू चुलीपाशी गेली. तिनं जाळ केला, पिठलं टाकलं, दोन भाकऱ्या थापल्या. एक सगुणाक्काला वाढली. दुसरी आपल्या पुढ्यात घेतली, पहिला घास तोंडात घातला आणि तिला हुंदका फुटला.

“माझ्या चिमीला करपलेलं पिठलं आवडायचं गं. कढईला लागलेलं ती खरवडून खायची.”

सगुणाक्कानं तिला गप्प केलं नाही, की एखादी गोष्टही काढली नाही. येसू रडत रडत चिमीबद्दल सांगत राहिली आणि रडत रडतच तिनं ती भाकरी संपवली.

तात्पर्य: दुःखात बुडालेल्या माणसाला सुखाचा शेवट ऐकवू नये. त्याच्या हातून कुणाला तरी दोन घास मिळतील, एवढी जागा त्याच्यासाठी ठेवावी.