यमाजीचा समुद्राकाठचा मुक्काम

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. नाव यमाजी. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात, पण त्यात पहिला नंबर कुणाचा यावर तिथं वाद होतात. या गावात तसा वाद कधी झाला नाही. दळण टाकून एखादी बाई "थांबा हं, आलेच" म्हणून गेली, की यमाजी ती येईपर्यंत थांबायचा. ती दुसऱ्या दिवशी आली तरी.

त्याची बायको सगुणा. तिनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. लग्न झालं तेव्हा यमाजीनं कबूल केलं होतं, दाखवतो म्हणून. मग मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, समुद्र तेवढा राहिला. शेवटी एका उन्हाळ्यात सगुणा हटून बसली. ठरलं, शनिवारी गिरणी बंद ठेवून कोकणात जायचं, रविवारी परत यायचं. सोमवारी गावाला पीठ लागतंच.

आता प्रश्न मुक्कामाचा. हॉटेलात उतरायचं, की कुणाचं रिकामं घर भाड्यानं घ्यायचं? गिरणीवर दोन तट पडले. निम्मे म्हणाले हॉटेलच बरं, ताट आयतं मिळतं. निम्मे म्हणाले घरच घ्या, आपल्या हातची भाकरी ती आपली. यातलं कुणीही कोकणात गेलेलं नव्हतं, त्यामुळं मतं फार पक्की होती.

सगुणा म्हणाली, "तुमी आधी जाऊन दोन्ही बघून या. आन् नुसतं लांबनं बघू नका. गादीवर पडून बघा."

"बरं. तसंच करतो," यमाजी म्हणाला.

यमाजी कोकणात गेला. आधी हॉटेलात शिरला. एका खोलीचं दार उघडंच होतं. आत पलंगावर एक जाडजूड गृहस्थ दुपारचे झोपले होते. यमाजी त्यांच्या शेजारी पडला. गादी चांगलीच होती, त्याचाही डोळा लागला. गृहस्थांची बायको न्हाणीघरातून बाहेर आली आणि तिनं जी किंकाळी फोडली, ती म्हणे बंदरावर ऐकू गेली.

"कोण रे तू?" गृहस्थ ओरडले.

"गादी बघायला आलोय."

"काय?"

"मऊ आहे."

मॅनेजरनं त्याला दंडाला धरून रस्त्यावर आणून सोडलं.

घरी आल्यावर सगुणानं कपाळाला हात लावला. "अवो, दुसऱ्याच्या खोलीत असं शिरत्यात व्हय? आधी दार वाजवायचं. आतनं 'या' म्हटल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाई."

"बरं. आता तसंच करतो."

मग भाड्याचं घर बघायची पाळी आली. मालक मुंबईला राहत होता. त्यानं फोनवर सांगितलं, "घर रिकामं आहे, किल्ली कुंडीखाली ठेवलीय, उघडा आणि बघा." यमाजी गेला. कुंडीखालची किल्ली घेतली. मग दार वाजवलं. कुणी 'या' म्हणालं नाही. पुन्हा वाजवलं. दुपार कलली तरी तो वाजवतच होता. वाटेनं जाणारी एक बाई म्हणाली, "अहो, त्या घरात कोणी नाहीये."

"हो, मालक म्हणाला मला," यमाजी म्हणाला आणि त्यानं पुन्हा दार वाजवलं.

शेवटची एस.टी. लागली तेव्हा तो किल्ली कुंडीखाली ठेवून परत आला.

"रिकाम्या घरात 'या' कोण म्हणणार, भूत?" सगुणा म्हणाली. "किल्ली घ्यायची, कुलूप काढायचं. खिडक्या उघडायच्या, केर काढायचा, च्या करून बघायचा. आपलं घर असल्यावानी वागायचं. आन् आता जाऊन त्या हॉटेलवाल्याची माफी मागा. खोली नीट बघून या, म्हंजे एकदाचं ठरवू."

"बरं. आता तसंच करतो."

यमाजी हॉटेलात गेला. मॅनेजर जागेवर नव्हता. किल्ल्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. यमाजीनं एक घेतली, कुलूप काढलं. नशिबानं खोली रिकामी होती. त्यानं खिडक्या उघडल्या, केर काढला. केर काढता काढता जिनाही झाडला. मग स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याचं रश्शाचं पातेलं खाली उतरवलं आणि चहाला आधण ठेवलं. खोल्याखोल्यांतून चहा नेऊन दिला. पाहुणे खूश झाले. आचारी नाही झाला. यमाजी हात धुऊन निघाला, तो किल्ली खिशात घेऊनच. मॅनेजर धापा टाकत एस.टी. थांब्यावर आला.

"अहो, पाहुण्यानं कशाला हात लावायचा नसतो! काय हवं ते सांगायचं, जागेवर आणून मिळतं. आणि बाहेर पडताना कुलूप लावायचं, किल्ली समोरच्या माणसाच्या हातात द्यायची. खिशात घालून फिरायचं नाही!"

"बरं. आता तसंच करतो." माफी मागायची राहूनच गेली.

सगुणानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरच घेऊ." तसंही हॉटेल आता घेतंय कशाला!

शनिवारी दोघं पोचली. घर छान होतं. समोर एस.टी. थांबा, मागं नारळाची दाट वाडी, आणि वाडीच्या पलीकडं समुद्र. दिसत नव्हता, पण गाज ऐकू येत होती. सगुणा उंबऱ्यातच थांबून ऐकत राहिली. तिला इतका आनंद झाला होता, की यमाजीचे सगळे गुन्हे तिनं तिथल्या तिथं माफ केले.

"आधी अंघोळ करते, नवं लुगडं नेसते," ती म्हणाली. "एवढ्या वर्सांनी भेट व्हायची, पारोशी कशाला जाऊ?"

ती न्हाणीघरात गेली. यमाजी म्हणाला, तोवर समुद्र जागेवर आहे का ते बघून येऊ. बाहेर पडला. बाहेर पडताना कुलूप लावलं. समोर एस.टी. उभी होती, दारात कंडक्टर होता. यमाजीनं किल्ली त्याच्या हातात दिली. एस.टी.तून लोक काय काय पाठवतात. कंडक्टरनं किल्ली खिशात टाकली आणि घंटी मारली.

समुद्र जागेवर होता. यमाजी परत आला. खिडकीच्या गजांमागं सगुणा उभी होती. अंगावर नवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा.

"दार उघडा."

"किल्ली दिली."

"कुणाला?"

"समोरच्या माणसाला."

"कुटं हाय त्यो?"

यमाजीनं रस्त्याकडं पाहिलं. "आता घाटात असंल."

तीच गाडी उद्या दुपारी परत येणार होती. आणि त्याच गाडीनं या दोघांना घरी जायचं होतं.

"कुलूप फोडा!" सगुणा ओरडली.

"पाहुण्यानं कशाला हात लावायचा नसतो."

सगुणा खिडकीशी बसली आणि खरोखरीची रडायला लागली. "आवं, मला समुद्र बघायचा हुता वो! एवढाच मागितला हुता!"

यमाजीचा तिच्यावर फार जीव होता, हे सांगायलाच हवं. त्यानं डोकं खाजवलं. आणि मॅनेजरचं बोलणं आठवून त्याचा चेहरा उजळला.

"तू बसल्या जागची उठू नको," तो म्हणाला. "तुला काय हवं ते कळलं मला."

विहिरीवरची बादली उचलून तो धावत सुटला. थोड्या वेळानं दोन्ही हातांनी बादली सावरत आला आणि ती गजांसमोर धरली.

सगुणानं डोळे पुसले. बादलीत वाकून पाहिलं. गढूळ पाणी, तळाला वाळू. तिनं बोट बुडवून चाटलं. खारट होतं. ती हुंदके द्यायला लागली.

"रडू नकोस गं, एवढाच नाहीये," यमाजी म्हणाला. "तू तेवढी आतली भांडी रिकामी करून ठेव, उरलेला घेऊन येतो."