शामरावची आवडती कादंबरी

“मग दोनशे बारावं पान वाचू, की त्याच्या पुढचं?”

स्वामीजी मठाच्या ओसरीवर एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठल्या पुस्तकातलं?”

“कुठल्या म्हणजे?” मल्लाप्पा म्हणाला. “शामरावच्या आवडत्या कादंबरीतलं. परवा तेरावं आहे. वहिनी म्हणाल्या, विधी काय व्हायचे ते होतील, पण त्यांच्या आवडत्या कादंबरीतलं एक पान तुम्ही वाचा. त्यांचं वाचन तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?”

 शेवटच्या वाक्याला तो जरा ताठ बसला.

ताठ बसायला कारण होतं. मल्लाप्पा गुळाचा व्यापारी. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण याच मठातल्या वाचनालयात, कादंबऱ्या वाचून झालेलं. पहिली कादंबरी स्वामीजींनीच त्याच्या हातात ठेवली होती. तेव्हापासून गडी जो सुटला तो सुटलाच. आणि आवडलेली कादंबरी स्वतःपाशी ठेवणं त्याला कधी जमलं नाही. गिऱ्हाइकाला ढेपेबरोबर चिठ्ठी जायची, ‘हे अवश्य वाचा.’ आजऱ्याचा एक हॉटेलवाला वैतागून म्हणाला होता, “अप्पा, तुमची ढेप आठवड्यात संपती, पुस्तक काय संपंना बघा.” मल्लाप्पाने त्याला तिथंच उभं करून कादंबरी कशी वाचावी ते तासभर समजावलं. बिचाऱ्याची एस.टी. चुकली.

पण त्याचा खरा वाचक एकच, शामराव तिवडे. पोस्टमन म्हणून निवृत्त झाला आणि दर बुधवारी सकाळी दुकानात येऊन बसू लागला. मल्लाप्पा पुस्तक द्यायचा. दोन-तीन बुधवारांनी शामराव ते परत आणायचा आणि कोण कुणाचा कोण, मधे काय झालं, शेवट काय, सगळं सांगायचा. अशी अकरा वर्षं गेली.

शेवटची कादंबरी मल्लाप्पाने दवाखान्यात नेऊन दिली होती. सहाशे पानांची. शामराव गेला तेव्हा ती त्याच्या उशाशी होती, खुणेचा कागद दोनशे बाराव्या पानावर. तीच त्याची आवडती, हे मल्लाप्पाने ठरवून टाकलं होतं.

“तसल्या अवस्थेत दोनशे बारा पानं वाचली त्यानं,” मल्लाप्पा म्हणाला. “असा वाचक पुन्हा मिळायचा नाही, स्वामीजी.”

स्वामीजींचा खळीचा हात थांबला.

“तिथवर मी सांगितली होती.”

“काय?”

“गोष्ट. दोनदा जाऊन आलो दवाखान्यात. तिथवर सांगून झाली आणि त्याला झोप लागली. खूण मीच घातली.”

…

“डोळे थकले असतील त्याचे,” मल्लाप्पा म्हणाला.

“डोळे उत्तम होते. पेपर बिनचष्म्याचा वाचायचा.”

“मग?”

“दर मंगळवारी इथं यायचा. ‘स्वामीजी, ह्यात पुढं काय होतंय तेवढं सांगा. उद्या अप्पा परीक्षा घेतोय.’”

“खोटं!” मल्लाप्पा ओरडला. कुणाशी बोलतोय ते ध्यानात येऊन त्याने कान पकडले. “चुकलो. पण हे कसं शक्य आहे? त्याला बारीकसारीक सगळं माहीत असायचं.”

“एकदा मी एका कादंबरीतला थोरला भाऊ चुकून मारून टाकला. तू त्याला चारचौघांत झापलंस म्हणे. दुसऱ्या दिवशी येऊन माझ्यावर रुसला.”

मल्लाप्पाला तो बुधवार आठवला. ‘लक्ष कुठं असतं रे तुझं वाचताना?’ असं तो म्हणाला होता. दुकानातली माणसं हसली होती. शामरावही हसला होता.

“मग तोंडावर सांगायचं की, नाही आवडत म्हणून!”

“सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी.”

“मी काय म्हणालो?”

“पन्नास पानं रेट, मग आवडेल.”

…

“आपण तरी मला बोलायचं, स्वामीजी.”

“त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, अप्पाजवळ बसायला मिळतंय, ते घालवू नका.”

ओसरीवरून एक मांजर गेलं. मल्लाप्पा तिकडं बघत राहिला. ते दिसेनासं झालं तरी बघत राहिला.

“म्हणजे त्याला कादंबरी अशी आवडतच नव्हती?”

“एक आवडायची. नोकरीत असताना सात-आठ वेळा वाचली होती त्यानं.”

मल्लाप्पा सावरून बसला. “कुठली?”

“तुला ठाऊक आहे.”

“मला?”

“ह्याच ओसरीवर सांगितली तुला. मी तिथं खांबाशी होतो. एकदा नाही, तीनदा सांगितली.”

मल्लाप्पाने डोळे मिटले. चाळीस वर्षांपूर्वी वाचलेल्या कादंबरीतल्या गाढवाचंसुद्धा नाव त्याला पाठ होतं. त्याने सगळं डोकं धुंडाळलं. शामराव दिसला. ‘अप्पा, एकदा माझीपण एक वाच की,’ म्हणताना दिसला. त्याचे ओठ पुढं हलतानाही दिसले. आणि दिसला आपलाच हात, पिशवीत जाणारा, पुढचं पुस्तक बाहेर काढणारा. ‘ते राहू दे. हे बघ, हे आधी वाच.’

नाव काही ऐकू येईना.

“स्वामीजी…” त्याने पायांवर डोकं ठेवलं. “नाव सांगा. वहिनी वाट बघत असतील. त्यांनाही माहीत नाही, म्हणून तर मला विचारलं.”

स्वामीजी उठले. आत जाऊन त्यांनी वाचनालयाची कपाटं एकामागून एक उघडली. चारही.

“नऊशे आहेत. त्यातच आहे ती.”

“ओळखू कशी?”

“वाच.”

“अहो स्वामीजी, परवा तेरावं आहे त्याचं!”

स्वामीजी परत ओसरीवर येऊन बसले. फाटकं पुस्तक त्यांनी मांडीवर घेतलं.

“थांबेल तो. सवय आहे त्याला.”