दगडावरचं पान

मुलांनो, जंगलातल्या सगळ्या प्राण्यांची भाषा मला येते. सगळ्या म्हणजे, कोल्ह्याची येते. तीही तो सावकाश बोलला तर. आणि कोल्हा किती खरं बोलतो ते तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा ही गोष्ट ऐकताना थोडी चाळून घ्या. त्याने मला सांगितलं ते असं, की त्याच्या जंगलात एक साळिंदर राहत असे आणि त्या साळिंदराचा देवावर विश्वास नव्हता.

आता देव न मानणारा म्हणजे कोणीतरी भयंकर असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही नव्हतं. तो कंदमुळं उकरून खायचा आणि आपल्या वाटेने जायचा. खोड एकच होती, बोलणं संपताना तात्पर्य सांगायची. "ऊन वाढलंय. तात्पर्य, सावलीत बसा." त्यामुळे त्याच्याशी बोलायला फारसं कोणी थांबत नसे. सगळे म्हणत, आम्ही त्याच्या काट्यांना भितो. पण काटे परवडले.

त्या जंगलात पाण्याचा एकच डोह होता आणि डोहाच्या काठी, जांभळीखाली, एक दगड होता. गोल, काळपट, मध्ये जरा फुगीर. पाणी प्यायला येणाऱ्याने आधी एक हिरवं पान आणून त्या दगडावर ठेवायचं, मान लववायची आणि मगच पाण्याला तोंड लावायचं, अशी तिथली रीत होती. ही रीत कोणी पाडली हे वानराला विचारलं तर तो म्हणे, आमच्या पणजोबांनी. रानडुकराला विचारलं तर ते म्हणे, तुला काय करायचंय. पावसाळ्यात डोह भरला की दगड दिसेनासा व्हायचा आणि पाणी ओसरलं की पुन्हा वर यायचा, कधी जांभळीच्या या अंगाला, कधी त्या अंगाला. "देव कूस बदलतो," असं सगळे मोठ्या कौतुकाने सांगत.

साळिंदर म्हणायचा, "दगड आहे तो. दगडावर पान ठेवलं की दगडावर पान होतं. तात्पर्य, पानं झाडावर राहू द्या." तो पान न ठेवताच पाणी पिऊन जायचा. डोहात पुरेसं पाणी होतं तोवर ते कोणी मनावर घेतलं नाही. ससा तेवढा हळूच जवळ जाऊन विचारायचा, "पान न ठेवता पाणी कसं लागतं?"

"ओलं लागतं," साळिंदर सांगायचा.

तिथे एक म्हातारी हरिणी यायची. आदल्या उन्हाळ्यात बिबट्याने तिचं पाडस नेलं होतं. संध्याकाळी सगळे पाणी पिऊन गेले की ती दगडाशेजारी बसायची आणि बराच वेळ त्याच्याशी काहीबाही बोलत राहायची. साळिंदराची वाट तिथूनच होती. चालताना त्याचे काटे खुळखुळ वाजत. पण ती बसलेली दिसली की तो काटे अंगाशी घट्ट आवळून, आवाज न करता, लांबून वळसा घालून जायचा. एकदा तिने दगडावर दोन पानं ठेवलेली त्याला दिसली.

"मावशी, हे दुसरं कुणाचं?"

"तुझ्या नावाचं."

"नको ठेवूस. मला नाही पटत."

"बरं, नाही ठेवत," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच एकच ठेवू लागली. देवाविषयी तोवर त्या दोघांत झालेलं बोलणं एवढंच.

मग एक उन्हाळा असा आला की डोहाचं डबकं झालं. दगडाचा मानकरी म्हणून मिरवणाऱ्या कोल्ह्याने सभा बोलावली. (सगळ्यांनी फार गळ घातली म्हणून बोलावली, असं तो मला म्हणाला. असेल.) "देव रागावलाय," कोल्हा म्हणाला. "रोज एक पान कमी पडतंय. कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. साळिंदराने पान ठेवावं, नाहीतर या पाण्याला तोंड लावू नये."

"पान ठेवायला जड नाही," साळिंदर म्हणाला. "पण मनात नसताना ठेवलं तर मी तुमच्या देवाला फसवल्यासारखं होईल. ते चालेल?"

"चालेल," ससा म्हणाला.

"तू गप्प बस," कोल्हा म्हणाला. पण चालेल की नाही, हे त्याला स्वतःलाही नीट कळलं नव्हतं.

तेव्हा हरिणी उठली. "जबरदस्तीचं पान देवाला कशाला हवं? याचं पाणी तोडणार असाल तर मीही पिणार नाही. पान रोज ठेवीन, पण पिणार नाही."

"अगं, तू तर मानणारी," वानर म्हणाला. "मग त्याच्या बाजूने कशी?"

"मानते म्हणूनच," हरिणी म्हणाली. ते कोणालाच कळलं नाही आणि साळिंदराचं पाणी तोडूनच सभा कशीतरी संपली.

हरिणीने बोलल्याप्रमाणे केलं. पान ठेवायची, मान लववायची आणि कोरड्या तोंडाने परत फिरायची. साळिंदराचं ओल्या मुळांवर थोडंफार भागत होतं, तिला तोही आधार नव्हता. तिचे पाय लटपटू लागले. एका दुपारी ती डोहाच्या वाटेवरच बसून राहिली.

"मावशी, पाणी पी," साळिंदर म्हणाला. "माझ्यासाठी जीव देऊ नकोस."

"तुझ्यासाठी कोण देतंय? माझ्या देवाच्या नावाने कोणी तहानेने मेलं तर त्याची लाज जाईल. ती मला राखायची आहे."

साळिंदर वळला. तो तडक डोहाकडे निघाला. साळिंदर दिवसा बाहेर पडत नाही असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. त्याने ते पुस्तक वाचलं नव्हतं. भर उन्हात सगळे सावलीला झोपले होते. दगड उलटा करायचा आणि सगळ्यांना उठवून दाखवायचं, की बघा, वर दगड आहे आणि खाली माती आहे, असं त्याने ठरवलं होतं. त्याने पानांचा ढीग बाजूला सारला, दगडाखाली नाक घातलं आणि जोर लावला.

दगडाने मान बाहेर काढली.

"पाऊस आला का?" दगडाने विचारलं. ते एक फार म्हातारं कासव होतं.

"नाही," साळिंदर कसाबसा म्हणाला.

"मग कशाला उठवलंस? दर उन्हाळ्यात मी इथे येऊन झोपतो. आजवर कोणी उठवलं नाही."

साळिंदराला आधी हसू फुटलं. "आजोबा, हे सगळे तुम्हाला देव मानतात."

"मला?" कासव विचारात पडलं. "वेडे आहेत. देव वेगळाच आहे. हे बघ, मी आत डोकं ओढून पडलेला असतो, मला बाहेरचं काही दिसत नाही. पण इतकी वर्षं रोज कोणीतरी माझ्या पाठीवर ओली पानं घालतं. न मागता घालतं. त्या पानांवर माझा उन्हाळा निघतो, नाहीतर कधीच भाजून गेलो असतो. ती घालणारा जो कोणी आहे, त्याला मी रोज आतल्या आत मान लववतो." मग त्याने आणखी थोडी मान बाहेर काढली आणि मोठ्या आशेने विचारलं, "तू पाहिलंस का त्याला?"

साळिंदराला आयुष्यात पहिल्यांदा तात्पर्य सुचेना. पानं ठेवणारे देवाला मानत होते, देव पानं ठेवणाऱ्याला मानत होता, आणि यातलं काहीच न मानणारा तो एकटा दोघांच्या मध्ये उभा होता.

"नीट नाही पाहिलं," तो म्हणाला. "झोपा तुम्ही."

कासवाने मान आत घेतली. हे सगळं आपल्याला कसं कळलं, तर कोल्हा करवंदीच्या जाळीत पडून ऐकत होता.

एक हाक मारली असती तर साळिंदर जिंकला असता. त्याला पाणी मिळालं असतं, हरिणीलाही मिळालं असतं. पण मग कासवाच्या पाठीवर पान कोण ठेवणार होतं, आणि हरिणी संध्याकाळी कुणाशेजारी जाऊन बसणार होती? तो तिथेच विचार करत बसला. उन्हं कलली, सगळे उठून डोहावर आले. हरिणीही तोंडात पान धरून, अडखळत येऊन पोचली. कासवाची पाठ उघडी पडली होती, पानं साळिंदरानेच सारली होती ना. तो उठला, खाली लोंबणाऱ्या फांदीचं एक रुंद पान तोडलं आणि त्या पाठीवर ठेवलं. मग आणखी एक ठेवलं.

"मानलंस तर शेवटी," वानर म्हणाला.

"नाही मानलं."

"मग पान?"

"त्याला ऊन लागतंय."

"कुणाला?"

"दगडाला," साळिंदर म्हणाला.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. इतकी वर्षं पानं ठेवली, पण दगडाला ऊन लागत असेल हे मानणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मनात नसताना ठेवलंस का?" रानडुकराने विचारलं.

"मनात होतं म्हणून ठेवलं. उद्या ठेवीन की नाही ते उद्या बघीन. नाही ठेवलं तरी पाणी पिणार, आणि ही मावशीही पिणार."

"मग हे चालेल ना?" ससा म्हणाला.

सगळ्यांनी कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्ह्याला खरं काय ते माहीत होतं. पण ते सांगायचं तर आपण इतकी वर्षं एका झोपलेल्या कासवापुढे मोठे मानकरी म्हणून मिरवलो, हेही सांगावं लागणार. "चालेल," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "प्या बाबांनो, ज्याला जसं प्यायचं तसं प्या."

सगळे पांगल्यावर हरिणी आणि साळिंदर शेजारी शेजारी पाणी प्यायले. साळिंदराचे काटे आनंदाने खुळखुळले.

"हळू," हरिणी म्हणाली. "तो झोपलाय."

"कोण?"

"देव," ती म्हणाली.

तिला कासवाचं ठाऊक आहे की नाही, हे साळिंदराला काही केल्या कळेना आणि विचारायचा धीरही होईना. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने जुन्या सवयीने घसा साफ केला.

तात्पर्य : मानणाऱ्याचा देव हिसकावू नये, न मानणाऱ्याच्या तोंडात देव कोंबू नये, आणि पाणी दोघांनीही प्यावं. एवढं साळिंदर बोलला, तेव्हा हरिणी पिता पिता थांबली आणि म्हणाली, "ते सगळं खरं रे. पण पान तू कुणाला ठेवलंस?"