लुशीमाय आणि लोखंडाचं मुसकं

"आधी कुलूप काढा, मग मीठ घाला!" लुशीमाय पुन्हा ओरडली.

"उसाचं गळीत संपेपर्यंत कुलूप निघायचं नाही," मुकादम बाल्तू म्हणाला. "चोरटी आहे ती. काहिलीतली काकवी खाल्ली तिनं."

"बोट चाटलं रे तिनं! तू सकाळपासून ताडीचं मडकं चाटतोयस, तुझ्या थोबाडाला कोण कुलूप घालणार?"

घाण्याच्या अंगणात उभी असलेली माणसं हसली आणि बाल्तूचा चाबूक बघून मागे सरली. पाद्री आन्सेल्म मिठाची चांदीची वाटी धरून घामाघूम उभा होता. आणि या तिघांच्या मध्ये एक पोर होती, आठ-नऊ वर्षांची. तिच्या तोंडावर लोखंडाचं मुसकं होतं. बैलाला बांधतात तसंच, फक्त मागे मानेवर कुलूप. जाळीतून घोटभर पाणी आत जाई, घास जात नसे. पोर उभ्या उभ्या डुलत होती. अजून एक दिवस ती तगली नसती, हे तिथे सगळ्यांना दिसत होतं.

ही गोष्ट फिरंग्यांच्या अमलातली. आपल्या पणज्यांनीसुद्धा ती ऐकलेलीच, पाहिलेली नाही. तेव्हा मानखाडी गावात थेट खाडीच्या पाण्यापर्यंत ऊस होता, आणि तो तोडायला, गाळायला, रस आटवायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतं भरभरून माणसं आणलेली. आणलेली म्हणजे विकत घेतलेली, गुरासारखी, दात बघून. मळा कुणा फिरंगी सरदाराचा होता असं हल्ली काही जण सांगतात. ते चाचरत सांगतात, कारण खरं सांगायची लाज वाटते. मळा पाद्र्यांच्या मठाचा होता. सकाळी जे लोक वेदीपुढे गुडघे टेकत, त्यांच्याच हुकमानं दुपारी मुसकी आवळली जात. कानांवर हात ठेवावेसे वाटतात ना? ठेवू नका. ऐका.

लुशीमायही अशीच गलबतातून आलेली. काहिलीतला रस ढवळता ढवळता म्हातारी झालेली, कोपरापर्यंत भाजलेले हात, आणि जीभ अशी की मुकादमही वाट बदलून जाई. आता मठाचा नियम असा की प्रत्येक गुलामाला बाप्तिस्मा द्यायचा, आणि बाप्तिस्म्याला धर्ममाय लागते. गुलामाची धर्ममाय व्हायला कोण फिरंगीण पुढे येणार? म्हणून दर वेळी लुशीलाच उभं करत. पाद्रीच शिकवत की जन्म देणारी आई देहाची, धर्ममाय जिवाची, आणि देवापुढे तिचा हक्क मोठा. शिकवून विसरून जात. लुशी विसरली नाही. असं म्हणतात, मळ्यावरच्या प्रत्येक माणसाला ती "बाळा" म्हणूनच हाक मारी, मग त्याचे केस पिकलेले का असेनात.

त्या दिवशी पोरीचा बाप्तिस्मा होता. बाप्तिस्म्यात आधी जिभेवर मीठ ठेवायचं, मग डोक्यावर पाणी. पण जीभ कुलपाआड.

"पाद्री, मीठ कुठे ठेवणार?" लुशीनं विचारलं.

पाद्रीनं बाल्तूकडे पाहिलं. बाल्तूनं किल्ली कमरेला खोचली. पाद्री वाईट नव्हता म्हणतात. नसेल. पण त्याला ऊन लागत होतं, जेवण थांबलं होतं, आणि मठाच्या मुकादमाशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

"देवाला लोखंडातूनही दिसतं, लुशी," तो म्हणाला, आणि त्यानं चिमूटभर मीठ घेऊन त्या मुसक्यावर ठेवलं.

असं म्हणतात, त्या क्षणी घाण्याचे बैल फिरायचे थांबले.

आणि मग मीठ लोखंड खाऊ लागलं. खाडीतल्या जुन्या नांगराला शंभर वर्षांत चढतो तसा गंज डोळ्यांदेखत चढला. जाळी लाल झाली, तांबडी माती झाली, कुलूप भाजलेल्या ढेकळासारखं फुटलं, आणि सगळं मुसकं पोरीच्या पायांशी गळून पडलं. पोरीनं तोंड उघडलं. ती पाणी मागेल असं वाटलं होतं. तिनं काकवी मागितली.

पाद्री धाडकन गुडघ्यांवर आला. "चमत्कार! माझ्या हातून चमत्कार! ही पोर आता मठाची. तिला देवळात ठेवू, लांबून लांबून लोक बघायला येतील!" आणि त्यानं पोरीचा दंड धरला.

ऐकलंत? मुसकं गळून पडलं, तरी मालकी सुटेना.

तेव्हा लुशीमायनं पोरीला दुसऱ्या हाताला धरून आपल्याकडे ओढलं आणि एकच वाक्य बोलली. ते ऐकून पाद्रीनं पोरीचा दंड सोडला. बाल्तूनं चाबूक उचलला, पण तिची सगळी धर्मलेकरं, तोडणीची, घाण्यावरची, काहिलीवरची, भोवती येऊन उभी राहिली, आणि चाबूक न मारताच खाली आला. लुशी पोरीला घेऊन खाडीकडे चालू लागली, मागून सगळी. असं म्हणतात, भरती असूनही पाणी गुडघ्यावर चढलं नाही, आणि पलीकडच्या रानात शिरलेली ती माणसं पुन्हा कुणाला सापडली नाहीत.

मानखाडीत आजही बैलाला मुसकं घालत नाहीत, मळणीच्या दिवसातसुद्धा नाही. बैल खातात, धान्य कमी भरतं, कुणी कुरकुरत नाही. आणि गावात नवा पाद्री आला की पहिल्या बाप्तिस्म्याला सगळ्यात म्हातारी धर्ममाय लेकराला छातीशी धरून त्याच्यासमोर उभी राहते आणि लुशीमायचं ते वाक्य त्याला मोठ्यांदा ऐकवते:

"मीठ तुम्ही लोखंडाला दिलंत, पाद्री, तेव्हा लोखंड तुमचं लेकरू; ही पोर माझी."