पहिला पोहरा डोणीचा

एका राज्यात एक विहीर होती. पाणी काठोकाठ, पण कडू जहर. सात वर्षांपूर्वी तिला एका मांत्रिकाचा शाप लागला होता. प्रजा डबक्याचे पाणी पिई आणि दैवाला बोल लावी. राजा चंद्रकेतूही तेच करी. राजा झाला म्हणून तहान का चुकते!

राजाच्या नगराच्या बंद वेशीबाहेर, त्या विहिरीजवळच, लढाईने देशोधडीला लागलेली मुले येऊन राहिली. त्यांत बकुळा होती आणि तिचा धाकटा भाऊ गोंदा. गोंदाला डबक्याचे पाणी बाधले. पोटात काही ठरेना, ओठांना भेगा पडल्या. तापात तो एकच म्हणे, "ताई, आपल्या विहिरीचं पाणी दे."

आपली विहीर! आईच्या शेजारी उभे राहून बकुळा दोर ओढी, रहाट कुरकुरे, आई हसे. आठवणीने तिचा जीव तुटे.

ती शापित विहिरीवर गेली. काठावर एक साळुंकी होती. ती म्हणाली, "मुली, कामे तीन. दोर वळ. रहाट बोलका कर. पोहरा ओढ. एकच पोहरा निर्मळ येईल, दुसरा नाही."

बकुळाने आईचे लुगडे फाडून दोर वळला. आईची तेवढीच खूण उरली होती, तीही गेली. बुधलीतले शेवटचे तेल रहाटाला चोपडले. रहाट कुरकुरला, अगदी घरच्यासारखा! राजासकट सारे नगर धावत आले. बकुळाने डोळे मिटून पोहरा ओढला.

पाणी निर्मळ आले. आणि बकुळाने तो पोहरा शेजारच्या कोरड्या डोणीत रिता केला.

"मुली, हे काय केलेस!" राजा ओरडला.

बकुळा भानावर आली. तिच्या गावी पहिला पोहरा गुरापाखरांच्या डोणीत जाई, माणसांची पाळी मागून. हातांना तेवढेच ठाऊक होते. "गोंदाचं पाणी मी सांडलं," म्हणून ती ओक्साबोक्शी रडू लागली.

साळुंकी डोणीवर उतरली, पोटभर प्याली आणि मांत्रिक होऊन उभी राहिली.

"राजा, पाखरे पाणी उष्टावतात म्हणून तू ही डोणी कोरडी ठेवलीस. मी पाखरू होऊन आलो, तर धोंडा मारलास. आज माझी तहान भागली. शाप उतरला."

दुसरा पोहरा निर्मळ आला, तिसराही. गोंदा घोटघोट प्याला. त्याचे डोळे उघडले.

"ताई, ही आपली विहीर?"

"नाही रे. पण रहाट तसाच वाजतो."

राजाने वेस उघडली, मुलांना घरे दिली. दुसऱ्या सकाळी त्याने स्वतः पोहरा ओढला. डोणी समोरच होती, तरी त्याने बकुळाला विचारले, "मुली, कुठे ओतू?"